जुळलेलं नाव

नानांचं खरं नाव या गोष्टीत येणार नाही. पहिलंही नाही आणि दुसरंही नाही. पहिलं लिहावं तर ते आपलं नव्हे असं नानांनी शपथेवर सांगून ठेवलेलं आहे, आणि दुसरं लिहायचं तर त्यांच्या प्रकाशनाची परवानगी लागते. त्या मंडळींच्या पायऱ्या चढायची माझी तयारी नाही. तेव्हा नाना म्हणजे नाना. शेजारी नाना म्हणतात, दूधवाला नाना म्हणतो, कचेरीत मालकांपासून शिपायापर्यंत सगळे नानाच म्हणतात. त्यांनी जन्मभर तेवढ्यावर भागवलं, आपल्याला चार पानं भागवायला हरकत नाही.

नाना मुलांच्या चित्रकथा छापणाऱ्या प्रकाशनात नोकरीला होते. चित्रकथा म्हणजे त्याच, ज्यांत एखादा साधा माणूस अचानक उडायला लागतो, भिंती फोडतो, शहर वाचवतो आणि पुन्हा वेळेवर कामावर हजर होतो. असले महाबली शोधून काढायचे आणि त्यांना नावं द्यायची, हे नानांचं काम. नावं ठेवायचे पैसे जगात कुणी देत नाही, लोक ते काम फुकट आणि आवडीने करतात. नानांना मात्र त्याचा पगार मिळायचा, आणि त्यावरून त्यांच्या सासुरवाडीत वर्षानुवर्षं तोच एक विनोद चालायचा.

नावाचा नियम एकच, आणि तो मालकांनी घालून दिलेला. दोन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू झाले पाहिजेत. "मुलं नाव विसरतात हो," मालक म्हणायचे, "पण अर्धं आठवलं की त्याचा हात धरून उरलेलं अर्धं येतं." खरी गोष्ट अशी की मुलं काहीच विसरत नव्हती, मालक विसरत होते. फार पूर्वी त्यांनी स्वतः लिहिलेल्या कथेत नायकाचं नाव पहिल्या पानावर एक आणि शेवटच्या पानावर भलतंच पडलं होतं. वाचकांनी ते दोघे भाऊ आहेत असं समजून धाकट्याची पुढची हकिगत मागवली होती. तेव्हापासून हा नियम आला. या नियमापायी नानांनी धाडसी धोबी जन्माला घातला, गुप्त गवंडी घातला, दणकट दंतवैद्य घातला. त्यांचा लढवय्या लेखापाल तर कपटी कंत्राटदाराला नुसते प्रश्न विचारून घाम फोडायचा. ण आणि ळ यांच्यासारख्या काही हट्टी अक्षरांपुढे त्यांनी हात टेकले होते, पण बाकी वर्णमाला त्यांनी वसवली होती.

आणि या सगळ्यांच्या वर होता पराक्रमी पोस्टमन. गुन्हेगार कुठेही दडून बसलेला असो, हा त्याला बरोबर गाठायचा, आधी त्याची सही घ्यायचा आणि मग ठोसा लगावायचा. नानांचा त्याच्यावर जीव होता. खांदा एका बाजूला झुकवून चालणं, रागावण्याआधी चष्मा पुसणं, जिना चढताना स्वतःशी पुटपुटणं, हे सगळं नानांनी स्वतःचं काढून त्याला दिलं होतं. घरात ज्या सवयींवरून बोलणी बसत होती, त्याच सवयींवर गावोगावची पोरं खूश होती.

दर सोमवारी कचेरीत लांब टेबलाभोवती बैठक व्हायची. नवं नाव फळ्यावर लिहायचं, आणि आवडलं तर सगळ्यांनी टेबलावर थाप मारायची. थाप पडली की नाव प्रकाशनाच्या मालकीचं झालं. ते कुणाच्या डोक्यातून निघालं याला मग काही अर्थ उरत नसे. एकदा मुद्रितं तपासणाऱ्याने हौसेनं फळ्यावर आपल्या नुकत्याच जन्मलेल्या मुलाचं ठरवलेलं नाव लिहून दाखवलं. ते त्याच्या आडनावाशी फारच छान जुळत होतं, आणि थाप पडली. बिचारा म्हणाला, "अहो, हे घरासाठी होतं." त्या वेळी नियम म्हणजे नियम असं म्हणणारे नानाच होते. मुलाचं नाव दुसरं ठेवावं लागलं आणि पहिलं नाव एका बोलणाऱ्या घोड्याला गेलं.

आता यात नानांचं स्वतःचं नाव कुठे छापून यायचं, तर कुठेच नाही. पहिल्या पानावर एकच नाव असायचं, चित्रकाराचं. त्याच्या आईबापांनी त्याचं नाव आडनावाशी आधीच जुळवून ठेवलं होतं, ही त्याची कर्तबगारी. या माणसाला हात काढता येत नसत. त्यामुळे तिथले सगळे महाबली एक तर हात पाठीमागे बांधून उभे असत, नाहीतर खिशात घालून. पोस्टमनचे हात कायम पिशवीत. ठोसा मारायची वेळ आली की तिथे फक्त धूर आणि चांदण्या. तरी नाव त्याचं, कारण ते जुळत होतं.

नानांनी हे बरीच वर्षं गिळलं. मनात कढ यायचा, पण ते चष्मा पुसायचे आणि पुढच्या अक्षराकडे वळायचे. ते नातीपायी बिघडलं. तिने शाळेत सांगितलं, पोस्टमन माझ्या आजोबांनी केला. मैत्रिणींनी तिथल्या तिथे दप्तरातून अंक काढला, पहिलं पान उघडलं आणि विचारलं, कुठाय नाव? नात घरी आली ती थेट नानांसमोर उभी राहिली.

"आजोबा, मी खोटारडी आहे का?"

"नाही गं."

"मग तुमचं नाव का नाहीये?"

दुसऱ्या दिवशी नाना मालकांच्या खोलीत गेले. मागणं म्हणून आयुष्यात हे पहिलंच. "मालक, मी आता निवृत्त होतोय. पोस्टमनच्या पहिल्या पानावर एकदा माझं नाव घाला. एकदाच."

"घालू की," मालक म्हणाले. "काय नाव तुमचं?"

नानांनी सांगितलं. मालकांनी डोळे मिटून ते पुटपुटून पाहिलं आणि दुखरा दात जिभेला लागल्यासारखा चेहरा केला. "नाही हो जुळत. बघा, मला आत्ताच अर्धं विसरायला झालं. जुळवून आणा, पोस्टमनचा विशेषांक निघतोय, त्यात छापतो. माझा शब्द."

दुसरा कुणी असता तर हसून बाहेर आला असता. पण नानांनी सारा जन्म त्या नियमाखाली काढला होता, आणि खरं सांगायचं तर मनातून त्यांनाही आपलं नाव लंगडंच वाटत होतं. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की आपण नाव बदलणार.

"आडनाव बदलणार असाल तर मला धरू नका," बायको म्हणाली. "लग्नात एकदा बदललंय मी. पुन्हा पुन्हा नाही जमायचं."

थोरल्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "आडनाव टाकणार? अण्णांना काय वाटेल?" अण्णा, म्हणजे या दोघांचे वडील, केव्हाच वारले होते, पण थोरल्या भावापुढे हा मुद्दा चालत नसे. "मग नाव बदलतो," नाना म्हणाले. भाऊ म्हणाला, "ते आईनं ठेवलेलं आहे," आणि त्याने फोन ठेवला. आई स्वतः तर कायम 'बाळ' म्हणायची, नाव तिने घेतल्याचं आठवतही नाही, अशी नानांनी स्वतःची समजूत घातली. ती पुरती पटली नाही, पण तेवढ्यावर ते उठले.

समोरच्या दारातले विमा एजंट न बोलावता सल्ला द्यायला आले. ते कुठेही न बोलावताच येतात, धंदाच तसा आहे. "एवढा खटाटोप कशाला? 'नाना' हे जुळलेलंच आहे की. न आणि न."

"ते नाव नाही," नाना म्हणाले, "ती हाक आहे. नुसतं 'नाना' छापलं तर लोक विचारतील, कुणाचा नाना?"

"हा प्रश्न रास्त आहे," एजंट म्हणाले, आणि चहा संपवून नावबदलाला विमा कसा लागू होत नाही ते समजावत बसले.

मग नाना सरकारी कचेरीत गेले. बदलाचं कारण खिडकीतल्या बाईंना हवं होतं. लग्न, घटस्फोट, दत्तक, चूक, यांपैकी एक.

"अनुप्रास," नाना म्हणाले.

"काय त्रास?"

"त्रास नव्हे. दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर एक असावं, म्हणून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, लोक इथे नवऱ्याच्या जाचाला कंटाळून नाव बदलायला येतात. तुम्ही अक्षराला कंटाळून आलात. माझ्याकडे अक्षराचा रकाना नाही. चूक लिहू?"

"कसली चूक?"

"आधीचं नाव चुकून ठेवलं गेलं, अशी. शपथेवर लिहून द्यावं लागेल."

नाना खिडकीशी उभे राहिले. मागे रांग होती आणि रांगेतला एक जण घसा खाकरत होता. आईने आपलं नाव चुकून ठेवलं, असं शपथेवर लिहून देताना पेन अडलं तेव्हा त्यांनी शाईला दोष दिला. मग नात डोळ्यांसमोर आली आणि त्यांनी सही केली. जुन्या नावाने केलेली ती शेवटची सही इतकी सुरेख आली की बाईंनीही कौतुक केलं.

पुढचा खोडा साक्षीदारांचा होता. नानांना पहिल्या नावाने ओळखणारे दोघे जण हवे होते. असं माणूसच सापडेना. एजंट मोठ्या उत्साहाने आले आणि शपथ घेता घेता हळूच नानांच्या कानाशी लागले, "नाव काय हो तुमचं?" दाराला दार लागून सगळा संसार गेलेला. दूधवाला म्हणाला, मी एक लिटर नाना म्हणून ओळखतो, तसं लिहून घेणार असतील तर येतो. शेवटी बायको आणि थोरला भाऊ यांच्यावर आलं. भाऊ आला, सही केली, चहाला थांबला नाही.

त्यानंतर वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची होती. ती छापणाऱ्याने निधनवार्तांच्या खाली चिकटवली. अमुक नावाची व्यक्ती यापुढे त्या नावाने असणार नाही, एवढंच लोकांनी वाचलं. सकाळी सासुरवाडीची मंडळी रडवेली होऊन दारात, आणि दार उघडायला नाना. सगळ्यांना हायसं वाटायला हवं होतं. पण इतक्या लांबून आल्याचा राग त्यांना जास्त आला, आणि जेवूनखाऊन जाताना नानांकडे ते जरा फसवल्यासारखे बघत गेले. इकडे बँकेने नवं नाव मानलं आणि विजेच्या बिलाने जुनं धरून ठेवलं, त्यामुळे दिवे एकाच्या घरात लागत होते आणि पगार दुसऱ्याच्या घरात येत होता.

पण नाव झालं. आणि काय नाव झालं, ते मला इथे सांगता येत नाही याचं मलाच वाईट वाटतं. सगळी कला त्यात उतरली होती. म्हणताना जिभेला उतार लागायचा, दुसरा शब्द पहिल्याच्या मागोमाग घरंगळत यायचा. नातीने ते मोठ्या अक्षरांत लिहून काढलं आणि विचारलं, "आता छापून येईल ना?"

"विशेषांकात," नाना म्हणाले. "पहिल्या पानावर."

सोमवारी नाना नवा सदरा घालून आणि बिस्किटांचे पुडे घेऊन बैठकीला गेले. मालकांच्या शेजारी त्यांचा भाचा बसला होता. व्यवस्थापन शिकून आला होता, आणि आजपासून तोच सगळं बघणार होता. विशेषांकासाठी एक दणदणीत खलनायक हवा, एवढंच बोलून तो फोनकडे वळला होता. नानांनी मालकांना सांगितलं, "जुळवून आणलं."

"काय आणलं?" मालकांना आता कमी ऐकू यायचं.

"नाव."

"लिहा की मग."

इथे थांबून जरा विचार करावा. दुसऱ्या कुठल्याही कचेरीतल्या माणसाने ते कागदावर लिहून दाखवलं असतं. पण नानांनी आयुष्यभर नाव लिहायचं म्हणजे फळ्यावर, हेच केलं होतं. ते उठले, खडू घेतला, आणि आपलं नवंकोरं नाव सुरेख अक्षरात फळ्यावर लिहिलं. खाली एक रेघही ओढली.

मग चित्रकाराने टेबलावर थाप मारली. मालकांनी मारली. भाच्याने फोन ठेवून दोन्ही हातांनी मारली. मुद्रितं तपासणाऱ्याने तर अशी मारली की कपबशा हलल्या. नानांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत आपल्यासाठी कुणी थाप मारली नव्हती, असं त्यांना वाटलं. त्यांनी सगळ्यांना बिस्किटं वाटली.

विशेषांक आला तो नानांच्या निरोपाच्या दिवशीच. हार झाला, मालकांचं भाषण झालं, त्यात मालकांनी नानांना दोनदा 'आमचे तात्या' म्हटलं. नानांचं लक्ष नव्हतं. त्यांनी अंक उघडला. पहिल्या पानावर नावंच नावं होती. भाच्याने जुना नियम मोडून काढला होता. कामात हात लागलेल्या सगळ्यांची नावं दिली होती, जुळणारी, न जुळणारी. मुद्रितं तपासणाऱ्याचं होतं. चहावाल्याचंही होतं. नानांनी यादी वरून खाली वाचली आणि मग खालून वर वाचली.

आपलं नाव त्यांना तिसऱ्या पानावर सापडलं. केवढं मोठं, लाल, फुटणाऱ्या अक्षरांत. पोस्टमनचा नवा शत्रू, सगळ्या शहराची पत्रं चोरून जाळणारा. चित्रकाराने त्याला चष्मा दिला होता आणि एका बाजूला झुकलेला खांदा दिला होता. आणि या वेळी त्याला हातसुद्धा जमले होते, लांब आणि चोरटे.

"हे माझं नाव आहे," नाना म्हणाले.

"अप्रतिम आहे," भाचा म्हणाला. "त्या नावावरून तर सगळी गोष्ट सुचली."

"अहो, मी स्वतःसाठी बदलून घेतलं होतं."

"पण नाना, फळ्यावर तुम्ही लिहिलंत. थाप पडली." भाच्याचा स्वर अगदी मऊ होता, तसला मऊपणा शिकवत असावेत. "एकाच अंकात एक नाव दोन ठिकाणी आलं तर मुलं गोंधळतील, म्हणून पहिल्या पानावर नाही घेतलं. जुनं घालणार होतो. पण पगारासाठी तुमच्या नावबदलाचे कागद इथे आले, त्यात तुम्हीच शपथेवर लिहून दिलंय ना, ते चुकून ठेवलं होतं म्हणून. आणि बाहेर कुठे हे नवं नाव छापून द्यायचं झालं, तर तेवढं आम्हाला विचारत जा."

नानांनी मालकांकडे पाहिलं. मालक प्रसन्नपणे हसले. "छापतो म्हणालो होतो, छापलं," ते म्हणाले. "आणि बघा, मला पाठ झालंय." त्यांनी ते म्हणूनही दाखवलं, एकही अक्षर न चुकता.

टेबलाच्या टोकाला मुद्रितं तपासणारा बसला होता. त्याने एक बिस्किट चहात बुडवलं आणि शांतपणे खाल्लं.

नानांनी अंक घरी आणून गादीखाली सरकवला आणि सकाळी पुन्हा खिडकी गाठली. पहिलं नाव परत हवं, म्हणाले. बाईंनी कारण विचारलं.

"चूक," नाना म्हणाले.

"ती तुम्ही वापरलीत की," बाई म्हणाल्या. "एका माणसाला एकदाच मिळते. आता लग्न करा, नाहीतर दत्तक जा."

ते घरी परतले तेव्हा नात शाळेतून आली होती. तिच्या मांडीवर विशेषांक होता, गादीखालचा नाही, तिने मैत्रिणीकडून मागून आणलेला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि नानांकडे बघत नव्हती.

"सगळ्यांनी मान्य केलं," नात म्हणाली. "नाव आहे म्हणाल्या. मी खोटारडी नाही म्हणाल्या." तिने शेवटचं पान उघडून पुढे केलं. त्यावर पोस्टमनने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला होता, पिशवीतून हात बाहेर काढला होता आणि लाल अक्षरांतल्या त्या माणसाला जिन्यावरून खाली लोळवलं होतं. ठोसा स्पष्ट दिसत होता. "आजोबा, त्याला तुम्हीच केलं ना?"

"हो."

"मग त्याने तुम्हाला का मारलं?"

नाना तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं. हात खरंच चांगला जमला होता.

"मोठा झालाय तो आता," ते म्हणाले.